तरसोजीरावांचा चोख धूर

मुलांनो, नीट मांडी घालून बसा. मधे मधे प्रश्न विचारू नका. या गोष्टीत प्रश्न विचारणाऱ्यांचं पुढे काय झालं ते कळेलच.

नकाशात सापडणार नाही, पण वाऱ्याची दिशा बदलली की वासावरून ओळखू येईल अशा एका जंगलात तरसोजीराव नावाचं तरस राहत असे. तरसोजीरावांचा कारखाना होता. तिथे मोठमोठ्या हंड्यांत चकाकी नावाचं रसायन उकळत असायचं. ते अंगाला चोपडलं की केस चमकायचे. वाघमहाराज ते पट्ट्यांना लावायचे. कोल्हे शेपटीला लावायचे. गाढवंसुद्धा लावायची आणि मग तळ्याकाठी उभी राहून बराच वेळ स्वतःकडे बघत बसायची.

कारखान्याला एक उंच धुराडं होतं. त्यातून पिवळा धूर निघायचा. त्याला नासक्या अंड्यांचा वास यायचा.

आधी मधमाश्या जंगल सोडून गेल्या. मग जांभळाला मोहोर येईना. मग म्हातारी माकडं दोन फांद्या चढली की धापा टाकू लागली. शेवटी सगळी जनावरं मिळून वाघमहाराजांकडे गेली.

वाघमहाराजांचा प्रजेवर फार जीव. त्यांनी लगेच कायदा केला. कारखान्यातून किती धूर सुटतो ते रोज वहीत लिहायचं. वह्या पाच वर्षं जपून ठेवायच्या. वही नसेल तर जबर शिक्षा.

धूर कमी करा, असं मात्र कायद्यात कुठे नव्हतं. पण कायदा इतका जाडजूड होता, की आत कुठेतरी असेलच असं समजून सगळी घरी गेली. जाण्याआधी त्यांनी महाराजांचा सत्कार केला.

तरसोजीरावांनी कायदा अगदी मनावर घेतला. त्यांनी साळबा नावाच्या साळींदराला नोंदी ठेवायच्या कामावर नेमलं. साळबाचं अक्षर सुरेख होतं आणि लेखणीचा खर्च नव्हता. पाठीवरचा एक काटा उपटला की झालं.

धूर मोजायला धुराड्यावर एक यंत्रही बसवलं. यंत्र बसवलं त्या आठवड्यात नव्या भट्टीची पूजा होती. मोठमोठे पाहुणे यायचे होते, म्हणून भट्टीत नुसतं चंदन जाळलं. यंत्रानं चंदनाचा धूर मोजला. मग पाहुणे गेले, चकाकी उकळायला लागली आणि पहिल्याच पिवळ्या लोटानं यंत्राचा काटा खाऊन टाकला.

आता काय करायचं? साळबानं कायदा उघडला. कायद्यात सोय होतीच. यंत्र बंद पडलं तर ते चालू असतानाच्या दिवसांची सरासरी लिहावी.

साळबानं सरासरी लिहिली. दुसऱ्या दिवशीही लिहिली. तेव्हापासून रोज तीच लिहिली. बाहेर जंगल पिवळं पडत गेलं आणि वहीत चंदन दरवळत राहिलं.

साळबा वाईट नव्हता, मुलांनो. नियमात बसेल ते तो लिहायचा. नियमात न बसणारं काही दिसू नये म्हणून खिडकीकडे पाठ करून बसायचा.

कारखान्याला लागून एक उंच उंबर होता. त्याच्या शेंड्याला अनसूया नावाची शेकरू आपल्या लेकीसह राहायची. लेकीचं नाव भिंगरी. या झाडावरून त्या झाडावर अशी झेप घ्यायची की बघणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकावा. पण उंबराचा शेंडा बरोबर धुराड्याच्या तोंडासमोर यायचा. भिंगरीला खोकला लागला. तो काही केल्या जाईना.

अनसूया तरसोजीरावांकडे गेली. त्यांनी तिला बसायला दिलं, पाणी दिलं. तिचं सगळं ऐकून घेतलं. ऐकताना त्यांचे डोळेही ओलावले. मग त्यांनी वही मागवली आणि पान न पान तिच्यासमोर उलटून दाखवलं.

"वहिनी, तुम्ही आई आहात, मी समजू शकतो," ते म्हणाले. "पण तुम्हीच बघा. आमच्याकडून धूर जवळजवळ सुटतच नाही."

तेवढ्यात खिडकीतून धुराचा एक लोट आत आला. तरसोजीरावांनी तो हातानं बाजूला सारला आणि पुढचं पान उलटलं.

मग अनसूया हवा कार्यालयात गेली. तिथे करकोचेसाहेब होते. ते सदैव एका पायावर उभे असायचे. दुसरा पाय निघायच्या तयारीत असायचा. तिनं हात जोडून विनंती केली, की एकदा उंबरावर या आणि स्वतःच बघा. साहेबांनी समजावलं, की तपासणी ते दरवर्षी करतातच. तपासणी म्हणजे वही तपासणं. हवा हुंगत फिरायची तरतूद नाही.

"फार नाही साहेब. माझ्या फांदीवर येऊन एक श्वास घ्या."

"मी श्वास घेतला तर तो माझा वैयक्तिक अनुभव होईल, बाई. कार्यालयाला त्याचा काय उपयोग?"

साहेब दुष्ट नव्हते. त्यांनी तिला मार्ग दाखवला. तक्रार नुसत्या तोंडानं करू नये, तिलाही नोंदी हव्यात. अनसूया घरी आली आणि उंबराच्या सालींवर लिहू लागली. धूर कधी आला, कसा वास होता, भिंगरी कधी खोकली, कधी जेवण तसंच टाकून झोपली. सालींचा गठ्ठा झाला तेव्हा तो पाठीवर घेऊन ती पुन्हा कार्यालयात गेली.

साहेबांनी एकेक साल वाचली. मग विचारलं, की हे सगळं मोजलं कशानं? ती म्हणाली, नाकानं.

"नाकाचं प्रमाणपत्र आहे?"

नव्हतं. प्रमाणित नाकाशिवाय घेतलेला वास ग्राह्य धरता येत नाही, असं सांगून साहेबांनी साली परत केल्या.

वसंत आला. लग्नसराई सुरू झाली. चकाकीला एवढी मागणी आली की तरसोजीरावांनी सगळ्या हंड्यांखालचा जाळ दुप्पट करायला सांगितला. हंड्यांच्या झडपा जुन्या झाल्या होत्या. पण झडपांबद्दल वहीत रकाना नव्हता, म्हणून त्याविषयी कुणी काही बोललं नाही.

भर दुपारी सगळ्यात मोठ्या हंड्याची झडप उडाली. आतून हिरवा धूर फुसांडत बाहेर पडला आणि सरळ उंबरावर गेला. भिंगरी तेव्हा झेप घेत होती. अधांतरी असतानाच तिला श्वास मिळेना. समोरची फांदी हातात आली नाही.

साळबा अंगणात जेवणानंतर हात धूत होता. ती त्याच्या पुढ्यातच पडली.

तिला उचलून घ्यावं असं त्याला वाटलं. पण अंगभर काटे. जवळ गेला तर तिलाच टोचणार. तो नुसता तिच्याभोवती गोल गोल फिरत राहिला आणि अनसूयेला हाका मारत राहिला. त्याचेही डोळे चुरचुरत होते, पण त्यानं ते मिटले नाहीत.

भिंगरी वाचली. मागचे पाय मात्र गेले. ती पुन्हा कधी झेप घेऊ शकली नाही.

त्या दिवशी साळबानं सरासरी लिहिली नाही. त्यानं लिहिलं, आज झडप उडाली. धूर हिरवा होता. खूप होता. शेकरूचं पोर पडलं. हे मी पाहिलं.

तुम्हाला वाटेल, तरसोजीरावांनी ते पान फाडलं. छे. पान फाडणं हा गुन्हा आहे. त्यांनी ते पान होतं तसं चौकशी समितीपुढे ठेवलं. समितीवर करकोचेसाहेब होते.

समितीनं बारकाईनं अभ्यास केला. रकान्यात आकडा हवा होता, तिथे 'खूप' लिहिलं होतं. खूप हे माप नव्हे. कायद्याच्या यादीत पिवळा, काळा आणि पांढरा एवढेच धूर होते. हिरवा नव्हता. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं धूर सुटलाच नव्हता. शिवाय इतकी वर्षं सगळी पानं स्वच्छ आणि हे एकच पान घाण. तेव्हा घाण कुणी केली हे उघड होतं.

साळबाला कामावरून काढलं. घाण पानही न फाडता सांभाळल्याबद्दल तरसोजीरावांना 'स्वच्छ वन' पुरस्कार मिळाला. वाघमहाराजांच्या हस्ते मिळाला. समारंभाला सगळं जंगल लोटलं होतं. टाळ्या वाजवणाऱ्यांची अंगं उन्हात काय चमकत होती म्हणून सांगू.

समारंभाला न गेलेला साळबा उंबराखाली आला.

"वहिनी, मी हे आधीच लिहायला हवं होतं."

अनसूया लेकीच्या पायांना पाला बांधत होती. तिनं गाठ पक्की केली, मग म्हणाली, "आधी लिहिलं असतंत तर आधी काढलं असतं. पोरगी तुमच्या पाठीवर देता येत नाही. निदान सामान तरी घ्या."

तिघं डोंगरापलीकडच्या खोऱ्यात गेली. तिथे कारखाना नव्हता, वही नव्हती. भिंगरीचा खोकला हळूहळू गेला. ती बुटक्या फांद्यांवर पुढच्या हातांनी सरपटायला शिकली. एकदा मधमाशीमागे सरपटताना ती मोठ्यानं हसली, तेव्हा अनसूया हातातलं काम टाकून ऐकत बसली. साळबा ओढ्याकाठी कंदमुळं उकरायचा आणि काही म्हणता काही लिहायचा नाही.

मग एका सकाळी करकोचेसाहेब तिथे उतरले. त्यांनी खोल श्वास घेतला. पुन्हा एकदा घेतला. कितीतरी दिवसांनी त्यांची छाती मोकळी झाली होती. अशी हवा आपण जन्मात घेतली नाही, असं ते अगदी मनापासून म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, "वही?"

वही नाही म्हटल्यावर साहेबांचा चेहरा उतरला. जिथे धुराची नोंद नाही तिथे सर्वांत जास्त धूर आहे असं धरावं, असा कायदाच होता. साहेबांनी जड अंतःकरणानं खोऱ्याला अतिप्रदूषित घोषित केलं आणि रहिवाशांना नोटीस दिली. ताबडतोब यंत्र बसवा आणि नोंदी सुरू करा.

अनसूयेनं विचारलं, की यंत्र बसवायचं कशावर? यंत्र धुराड्यावर बसतं आणि इथे धुराडं नाही.

ही अडचण खरी होती. पण तरसोजीराव मोठ्या मनाचे. नोंदींचा अनुभव आणि वर पुरस्कार असलेलं दुसरं कोण होतं? त्यांनी खोऱ्यात स्वखर्चानं धुराडं बांधून द्यायचं कबूल केलं. नुसतं धुराडं बरं दिसत नाही म्हणून खाली कारखानाही काढला. पहिल्या धुराबरोबर पहिली नोंद झाली आणि खोरं त्याच दिवशी अतिप्रदूषितांच्या यादीतून वगळलं गेलं. साहेबांनी पेढे वाटले.

अनसूयेनं पेढा घेतला नाही. तिनं भिंगरीला खांद्यावर घेतलं. साळबानं न सांगताच बोचकं उचललं.

"पुढे काय आहे हो?" तिनं विचारलं.

"अजून एक डोंगर आहे," साळबा म्हणाला. "त्याच्यापुढचं माहीत नाही."

आणि ते चालू लागले.

तात्पर्य : मुलांनो, श्वास घेण्याआधी वही बघत जा. वहीत हवा चांगली असेल, तर खोकणारा खोटं बोलत असतो.