रस्त्याने, कितीही वेळा

शववाहिनीच्या ड्रायव्हरला दर फेरीला नवा व्हिसा काढावा लागे. सीमेपलीकडच्या कारखान्यांत इकडची माणसं राबत. त्यांतलं कुणी गेलं की त्याला रस्त्याने घरी आणायचं, हे त्याचं काम. पण व्हिसा हातात पडेपर्यंत तिकडे मयत बर्फावर ताटकळत पडे. म्हणून यंदा त्याने पाच वर्षांचा, कितीही फेऱ्यांचा व्हिसा मागायचं ठरवलं.

व्हिसा कचेरीकडे निघताना, त्याने नुकत्याच घरी पोचवलेल्या वेल्डरच्या बायकोने नवऱ्याचा पासपोर्ट पुढे केला. "भाऊ, तिकडेच चाललाय तर ह्यांचा व्हिसा रद्द करून आणा. कारखान्याला तसा शिक्का हवाय."

व्हिसा कचेरीतला कारकून जेवायला उठायच्या बेतात होता.

"इतक्या फेऱ्या कशाला?"

"माणसं मरतात, साहेब."

"वर्षाकाठी साधारण किती मरतील?"

"तसं आधी कुणी कळवत नाही."

कारकुनाने दोन्ही पासपोर्ट उघडले. "यातला गेलेला कोणता?"

तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि ड्रायव्हरचं उत्तर हवेतच विरलं. बोलता बोलता कारकुनाने फोटोंवरूनच निकाल लावला. वेल्डर गालभर हसत होता. ड्रायव्हरचा चेहरा धंद्यापायी कायमचा सुतकी झाला होता.

आठवड्याने कचेरीत पासपोर्ट परत मिळाले. वेल्डरला पाच वर्षांचा व्हिसा मिळाला होता. ड्रायव्हरच्या पानावर शिक्का होता : 'धारक मृत. व्हिसा रद्द.'

"साहेब, मेलेला मी नव्हे."

"नोंद तशी झालीय."

"अहो, मी तुमच्यासमोर उभा आहे."

"उभे असाल. हयातीचा दाखला आणा. नाहीतर वारसाला पाठवा."

"आणि ह्या वेल्डरचं?"

"त्यांचं काम चोख झालंय. आता बदल हवा असेल तर त्यांना जातीनं यावं लागेल."

ड्रायव्हर खाली मान घालून वेल्डरच्या घरी गेला. वेल्डरच्या बायकोने नव्या व्हिसाचं पान बराच वेळ पाहिलं.

"ह्यावर कितीदा येता-जाता येतं?"

"कितीही वेळा, वहिनी. चूक झालीय. मी परत जातो, भांडतो."

"त्यांचा एकाच फेरीचा होता. घरी आलं तर परत आत घेणार नाहीत, म्हणून चार वर्षं आलेच नाहीत." तिने पासपोर्ट मिटला आणि कपाटात ठेवला. "राहू दे, भाऊ. नका रद्द करू."

"मग कारखान्याला काय सांगायचं?"

"सांगा, घरी आलेत," ती म्हणाली. "येतील सवडीने."