निवल्याशिवाय झाकण नाही

सकाळी बरोबर सहा वाजून चाळीस मिनिटांनी साधनानं ठरवलं, की आज बाटली गळू द्यायची नाही.

ठरवलं ते एवढंच. अमरावतीहून अकोल्याला माहेरी जायचं होतं. वर्षभराच्या लेकीचं, आचलचं जावळ होतं, साडेदहाला, मामाच्या मांडीवर. आचलच्या पाण्याची स्टीलची बाटली दर प्रवासात पिशवीतली लंगोटं भिजवायची, कारण बुचातली रबरी रिंग कधीच हरवली होती. साधनाला बेसिनवरच्या साबणाच्या वाटीमागे एक काळी रिंग सापडली. तिनं ती दोनदा उकळली (साधना पोळपाट सोडून सगळं दोनदा उकळते), बुचात बसवली, बाटली उलटी धरून पाहिली. एक थेंब नाही. दिवसाची सुरुवात विजयानं झाली.

गाडी जुनी होती, पण साधनाच्या नवऱ्याचा, देवानंदाचा, तिच्यावर भारी जीव. दोन महिन्यांपूर्वी दर्यापूरच्या एका निवृत्त मास्तरांकडून घेतलेली. आदल्या संध्याकाळी तर त्यानं रेडिएटरचं झाकण घरात आणून बेसिनमध्ये ब्रशनं घासलं होतं. एवढं आचलला कधी घासलं नव्हतं.

मूर्तिजापूर आठ किलोमीटरवर असताना काटा लाल पट्टीत गेला आणि बोनेटमधून वाफ निघाली. देवानंद खाली उतरला, बोनेट उघडलं आणि हाताला रुमाल गुंडाळू लागला.

"काय करून राहिले?" साधनानं विचारलं.

"झाकण काढतो. पाणी टाकलं का झालं. दहा मिनिटाचं काम."

"नाई काढायचं."

"जावळ साडेदहाचं आहे, साधना."

"असू द्या. ते निवल्याशिवाय हात लावायचा नाई."

सासरी साधनाला घाबरट म्हणत. दारावरची कडी ती तीनदा पाहते, आचल शिंकली की देवघरापर्यंत जाऊन येते. त्यामुळे देवानंद हसला आणि त्यानं हात पुढे केला. साधना आचलला कडेवर घेऊन गाडी आणि नवरा यांच्या मधोमध उभी राहिली.

तेवढ्यात एक काळीपिवळी थांबली. ड्रायव्हर उतरला, त्याच्यामागे आठ-दहा सवाऱ्या उतरल्या. रस्त्यावर वाफ दिसली की वऱ्हाडात सगळेच मेकॅनिक होतात.

"भाऊ, घ्या माहा दुपट्टा," ड्रायव्हर म्हणाला. "मुठीत धरा अन् मारा फिरकी. बारा वर्षं झाले मले. वहिनी, बाजूले व्हा. तुमाले यातलं नाई समजत."

साधनानं डावी बाही वर सारली. मनगटापासून कोपरापर्यंत चकचकीत डाग होता.

"हे कुकरनं दिलं मले. शिटी दोन बोटं उचलली होती फक्त. मी सातवीच शिकली भाऊ, पण वाफ शाळेबाहेर शिकली. बोनेट लावा अन् त्यावर तळहात ठेवा. पन्नास मोजेपर्यंत टिकला, तर खुशाल उघडा."

ड्रायव्हरनं ऐटीत हात ठेवला. तिसऱ्याच आकड्याला उचलला.

"तीन," साधना म्हणाली.

सवाऱ्यांना हा खेळ फार आवडला. दर थोड्या वेळानं कोणीतरी हात ठेवायचं आणि बाकीचे मोठ्यानं मोजायचे. एका आजोबांनी सात काढले. एका बाईनं एकोणीस. माहेराहून भाऊ विपुलचा फोन आला, "ताई, न्हावी थांबून राह्यला. अकराले त्याले दुसरं जावळ आहे."

"जाऊ दे त्याले," साधना म्हणाली. तिनं आचलला दुसऱ्या कडेवर घेतलं.

चाळीस मिनिटांनी पन्नास झाले. देवानंदानं बोनेट उघडून झाकण हळूच थोडं फिरवलं, फुस्स झालं. (बारा वर्षांचा अनुभव तीन पावलं मागे सरकला.) जरा थांबून त्यानं ते पूर्ण काढलं. आचलचं दोनदा उकळलेलं पाणी निम्म्याहून जास्त आत गेलं, वर काळीपिवळीतला कॅन रिकामा झाला, आणि गाडी रखडत मूर्तिजापूरला पंजाबराव मिस्त्रीकडे पोचली.

पंजाबरावांनी झाकण उलटं करून पाहिलं. "यात रिंगच नाई. हे कुकरसारखं असते भाऊ. दाब धरला तर पाणी उशिरा उकळते. रिंग नसली का दाब नाई धरत, पाणी उकळून बाहेर जाते. अन् वाफ आलेली असताना तुमाले झाकण उघडू दिलं नाई, हे वहिनीनं लय चांगलं केलं. तोंड वाचलं तुमचं."

साधना वीतभर उंच झाली. नवीन झाकण बसेपर्यंत तिनं दर्यापूरला फोन लावला.

"मास्तर, रिंग काढून घेता? लेकराबाळाच्या गाडीतली? अंगठी म्हणून घालता काय?"

"बाई, मी झाकण नवं बसवून देलं होतं," शेषराव मास्तर म्हणाले. "शपथ घेतो."

"मंग पाखरू होऊन उडाली?" म्हणून तिनं फोन ठेवला. लग्नानंतर इतकं मोकळं ती पहिल्यांदाच बोलली होती.

अकोल्याला पोचेपर्यंत न्हावी निघून गेला होता. आता पुन्हा चारला येणार होता. साधनाला त्याचं काही वाटलं नाही. तिनं सगळी गोष्ट आईला सांगितली, मग शेजारणीला, मग परत आईला. दर वेळी ड्रायव्हरचा तळहात एका आकड्यानं आधी उचलला जाई.

"अहो, मास्तरचं ते बोडकं झाकण दाखवा यांना," ती म्हणाली. देवानंदानं पुरावा म्हणून जपलेलं झाकण खिशातून काढलं.

विपुल आचलसाठी तिच्या बाटलीतून पाणी ओतत होता. बूच फिरवताना रिंग निसटून त्याच्या हातावर पडली. त्यानं ती पाहिली. झाकण पाहिलं. उचलून आत दाबली.

ती बसली. अगदी घट्ट.

"साबणाच्या वाटीमागे होती का?" देवानंदानं हळूच विचारलं.

साधनानं आधी आचलचं पोट दाबून पाहिलं. मग मान वर केली. "दोनदा उकळली होती मी. अन् झाकण तर नाई ना उघडू दिलं?"

"नाई बाप्पा," देवानंद म्हणाला आणि मास्तरांचा नंबर लावून त्यानं फोन तिच्यापुढे धरला. साधनानं तो कापला.

तर वाचणाऱ्यांना साधनाची विनंती आहे. गाडी तापली की झाकणाला हात लावू नका. बोनेटवर पन्नास मोजून होऊ द्या, आणि हे आणखी चार घरी सांगा. बाटलीचं सांगायची गरज नाही. दर्यापुरात तर मुळीच नाही.