एका काट्याचा भरोसा

भोयरकाकांना चांगली बातमी सहन होत नाही. निदान रक्ताच्या रिपोर्टातली तर नाहीच नाही.

आमच्या लकडगंजच्या गल्लीत चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला त्यांनी कधी ना कधी गाठलेलं आहे. रामराम नाही, नमस्कार नाही, थेट सवाल, "एचडीएल किती?" एचडीएल म्हणजे ते चांगलं म्हणवणारं कोलेस्टेरॉल. काका त्याला 'सज्जन' म्हणतात आणि वाईटाला 'गुंडा'. तुमचा सज्जन कमी निघाला तर काका शांत असतात. "चालत जा, तंबाखू सोडा, डाक्टर सांगते ते ऐका," एवढं बोलून सोडून देतात. पण सज्जन भरपूर निघाला, की तुमची खैर नाही! ते मनगटच धरतात. "बीपी पाह्यलं? शुगर? गुंडा किती? घरात कोणाले हार्टचा त्रास?"

म्हाताऱ्याचं डोकं उलटं चालतं, असं गल्ली म्हणायची. मीही म्हणायचो, आणि जरा जास्तच मोठ्याने.

काका हिंगण्याच्या एका कारखान्यात तीस वर्षं बॉयलरवर होते. अजूनही घरच्या कुकरसमोर स्टूल टाकून बसतात आणि शिट्टीच्या आधीच "आली" म्हणतात. वाद कशावरही असो, त्यांचा शेवट ठरलेला: "बॉयलरले एकच काटा राहत नाही गा! वाफेचा काटा बरोबर दाखवते, अन् पाणी तळाले गेलं असते."

परवा माझा रिपोर्ट आला. एचडीएल अडुसष्ट! मी शाळामास्तर, जन्मात कशात पहिला आलो नव्हतो. संत्रा बर्फीचा डबा घेऊन गल्लीभर फिरलो आणि उत्साहाच्या भरात काकांच्या दारातही गेलो. दोन दिवस जिना चढताना छातीत जळजळत होतं, पण त्याचा दोष मी पोह्यांवरच्या तर्रीला देऊन मोकळा झालो होतो.

"काका, अडुसष्ट! आता आपल्याला काही होत नाही."

काका ओरडतील असं वाटलं होतं. ते खाली बसले आणि हळूच म्हणाले, "डबा झाका, मास्तर."

मग त्यांनी आतून एक फाइल आणली. सुमनकाकूंची. काकू गेल्यावरच काका हिंगण्याचं घर सोडून आमच्या गल्लीत आले, त्यामुळे काकूंना मी फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलं होतं. काकांनी एका आकड्यावर बोट ठेवलं. एचडीएल, बहात्तर.

"म्याबी बर्फी वाटली होती, पुऱ्या कॉलनीत. मंग तिचा जबडा दुखे, जिना चढली का दम लागे. 'दवाखान्यात चला नं' म्हणे, तं म्या हा कागद दाखवे. 'तुले काय होते वं, तुहा सज्जन बहात्तर आहे!' हसे बिचारी. बाकीचे आकडे म्या वाचलेच नाही."

त्यांनी फाइल मिटली.

"तीस वर्षं कारखान्यात एका काट्यावर भरोसा नाही ठेवला गा. घरी ठेवला."

मला या माणसाची इतके दिवस टिंगल केली याची मनापासून लाज वाटली. शेवटी मी छातीतल्या जळजळीचं कबूल केलं.

काका ताडकन उठले. त्यांनी मला रिक्षात घातलं. दवाखान्यात ईसीजी निघाला. डॉक्टर म्हणाले, "आजच आलात ते बरं केलंत," आणि मला दोन दिवस ठेवून घेतलं. ते दोन्ही दिवस काका बाहेरच्या बाकावर बसून होते.

परतलो, तेव्हा काकांनी मला आधी त्यांच्याच घरी नेलं आणि तिथेच राहिलेला तो बर्फीचा डबा उघडला. त्यातला एक तुकडा काकूंच्या फोटोपुढे ठेवला आणि माझा हात धरून मला पुढे उभं केलं.

"सुमन, हे आपले मास्तर," काका म्हणाले. "या खेपेले वेळेवर नेलं वं."