नवगावकरांची कडी

बिन्यामीन नवगावकर निजामीत बीदरला सडकेचे ओव्हरसियर होते आणि अख्ख्या गावात एकटेच यहुदी. वर्षातून एक दिवस त्यांच्या लोकांत कडक उपास असे. पांढरं नेसायचं, दार लावून बसायचं आणि दुसऱ्या संध्याकाळी चांदण्या दिसेपर्यंत देवाखेरीज कुणाशी बोलायचं नाही. अकरा वर्षांत हा दिवस त्यांना एकदाही धड मिळाला नव्हता. कधी मोरी खचे, कधी तालुकदारांचा दौरा निघे. फार थकले होते बिचारे. यंदा त्यांनी रजा घेतली आणि आदल्या संध्याकाळीच कडी लावली.

नेमका त्याच आठवड्यात गावात तंबूतला बोलपट आला होता. त्यातला यहुदी ईदला मुसलमानांत, दिवाळीला हिंदूंत मिसळायचा आणि स्वतःच्या सणाला मात्र लाजून, दार लावून रडत बसायचा. शेवटी सगळी गल्ली मिठाई घेऊन त्याचं दार फोडते. शेजारचे गुरुलिंगअप्पा तो दोनदा पाहून आले आणि दोन्ही वेळा रडले.

त्यामुळे सकाळी बंद दार पाहताच त्यांना सगळं कळलं. त्यांच्या पत्नी निलम्मांनी होळग्या, म्हणजे पुरणपोळ्या, केल्या आणि ताट घेऊन दार वाजवलं.

"अण्णा, उघडा की. आमी काय परके हाव का?"

आत नवगावकरांनी तोंडावर हात धरला.

"बोलंनात," गुरुलिंगअप्पा म्हणाले. "रडायलेत आत."

दुपारपर्यंत निम्मी गल्ली जमली. फोडावं तर क्वार्टर सरकारी, म्हणून निंगप्पा सुतारानं दार अलगद चौकटीतून काढून भिंतीला टेकवलं. नवगावकरांनी हात जोडले, जा म्हणून. लोकांना वाटलं, या म्हणून.

ते होळगीला हात लावीनात. मग, घरधनी उपाशी असताना आपण कसं खावं, असं निलम्मा म्हणाल्या आणि कुणीच खाल्लं नाही. ते बोलत नाहीत म्हणून कुणी बोललंही नाही. निंगप्पाचं पोट तेवढं कुरकुरत होतं. नवगावकर आधी चिडले होते, पण उपाशीपोटी चिडणं फार वेळ जमत नाही.

चांदण्या दिसल्या. "आता खा," ते म्हणाले.

"सण कंचा म्हनायचा ह्यो, अण्णा?" गुरुलिंगअप्पांनी विचारलं.

"दार लावून एकट्यानं बसायचा."

गुरुलिंगअप्पा भिंतीला टेकवलेल्या दाराकडे बघत राहिले. त्यांना खरंच वाईट वाटलं.

"चुकलंच की आमचं," ते म्हणाले. "फुडल्या साली आमी आदल्या दिशीच येताव. कडी आतून लावू."