सूर्याकडे पाठ

सूर्याकडे पाठ करून सूर्यनमस्कार घालणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि माझं नशीब असं की तो नेमका माझ्या शेजारी राहतो.

गावंडेकाका. अमरावतीच्या आमच्या लेआउटमध्ये त्यांच्या आणि माझ्या घराच्या मध्ये एक भिंत आहे. तिचा उपयोग फक्त कपडे वाळत घालायला होतो, आवाज काही ती अडवत नाही. दोन्ही घरांसमोर ओपन स्पेस आहे. म्हणजे प्लॉट विकताना नकाशात जिथे बाग दाखवली होती ती जागा. तिथे गाजरगवत आहे, बदामाचं एक झाड आहे आणि पाठ मोडलेला एक बाक आहे. रोज सकाळी काका तिथे उभे राहतात. मागून सूर्य उगवतो आणि काका आपल्याच घराच्या खिडकीकडे तोंड करून वाकतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, माणसाची झोप उडाली नसेल. मी गेटातूनच म्हटलं, "काका, सूर्य मागे आहे तुमच्या."

"मालूम हाय," म्हणाले. "त्याले का फरक पडते? तो का हाजरी घेऊन राह्यला?"

कपाळ माझं!

काका अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरीला होते. उभी नोकरी अमरावती-अकोला बसने जाणं-येणं करण्यात काढली. तोवर माणूस चांगला होता. रिटायर झाले, हातात मोबाईल आला आणि अंगात आरोग्य आलं. रात्री कोणीतरी डॉक्टर मोबाईलवर काहीतरी सांगतो आणि सकाळी ते आम्हाला भोगावं लागतं. सुरुवात ठरलेली: "एकदम सोपं हाय बाई, फकस्त रोज कराले पाह्यजे."

सोपं म्हणजे काय, तर मे महिन्यात कोमट पाणी प्यायचं! मे महिन्यात आमच्याकडे नळालाच असं पाणी येतं की त्यात चहा टाकावा. हा माणूस ते आणखी तापवून, स्टीलच्या गिलासात घेऊन माझ्या स्कूटीसमोर उभा. मला बँकेत कॅश काउंटर उघडायचं असतं, हेल्मेट चढवलेलं असतं, आतून घाम निथळत असतो.

"गटागट नाही पेवाचं. घोट घोट घे."

"काका, उशीर होतोय मला."

"मंग टेन्शन येते. टेन्शनवर कोमट पानीच हाय."

गिलास संपेपर्यंत चाकापुढून हलत नाहीत. मी हेल्मेटची काच वर करून घोट घोट पिते. रस्त्याने जाणारे बघतात आणि हसतात.

आणि ती अकोल्याची पंगत! लेआउटमधल्या एकांच्या मुलीचं लग्न होतं, आम्ही सगळे गाडी करून गेलो होतो. भर दुपार, वरून कापडी मांडव, वांग्याची भाजी एकदम झणझणीत. काका पंगतीच्या मधोमध बसले. त्या आठवड्यात 'घास चावून चावून त्याचं पाणी करा' चालू होतं. पंगत जेवली, ताकही पिऊन झालं. काकांचा पहिला भात सुरू. पंगतीतून एकट्याने उठायचं नसतं, म्हणून आम्ही सगळे हात वाळवत बसलेले. पुढच्या पंगतीची माणसं आमच्या पाठीशी येऊन उभी राहिली. शेवटी मुलीचा बाप हात जोडत आला, "काका, काई कमी पडलं का?" काकांनी तोंडात घास होता म्हणून नुसता हाताने 'थांबा' म्हटलं. मागून एक म्हातारी करवादली, "ह्या भैताडाले पंगतीत बसवलं कोनं व माय?" मला तिचे पाय धरावेसे वाटले.

पण हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. मला खरा राग यायचा तो मॅडमवरून.

मॅडम म्हणजे काकांच्या बायको. मुलींच्या शाळेत पीटीच्या बाई होत्या. सारं गाव त्यांना मॅडम म्हणतं, काकासुद्धा. रिटायर झाल्यावरही बाजारात त्या दिसल्या की चांगल्या नातवंडं असलेल्या बायका पोक सोडून ताठ उभ्या राहायच्या. आवाज असा की मैदानाच्या त्या टोकाला कोणी चप्पल घासत चालली तरी इथून ऐकवायच्या. काकांना तर घरात दिवसभर बोलणी. ताठ बसा, चहाचा आवाज करू नका, पाय उचलून टाका. भिंतीतून सगळं मला ऐकू यायचं.

गेल्या वर्षी मॅडमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, रोज चाला. नाही चाललात तर गुडघा आखडेल आणि मग चालणं कायमचं गेलं म्हणून समजा. वॉकर आणला. त्या वॉकरवर आता टॉवेल वाळतात. मॅडम खिडकीजवळच्या दिवाणावर बसून असतात, खिडकीकडे पाठ करून. मैदानावर पोरींना पळवणाऱ्या आपल्याला लोकांनी वॉकर धरलेलं पाहू नये, एवढं एकच त्यांच्या मनाने घेतलं होतं. मी कधी अंबाडीची भाजी घेऊन गेले, तर "ठेव" म्हणायच्या. पूर्वी म्हणाल्या असत्या, "वाकून ठेवू नकोस, गुडघ्यात बसून ठेव." आता नुसतं "ठेव".

आणि हे महाराज बाहेर गावाला आरोग्य शिकवत हिंडतात! एकदा मी तोंडावर म्हटलं, "काका, जगाला चालवता, जरा घरात मॅडमना चालवा ना."

"तिचं तिले समजते," काका म्हणाले. "मी कोनाच्या मांगं लागत नाही."

कोणाच्या मागे लागत नाही! माझ्या हातात तेव्हा तो गिलास होता. तो फेकून मारण्यापासून हात कसा आवरला, माझं मला माहीत.

पुढे माझी मान धरली. दिवसभर काउंटरवर बसून धरते तशी. ती मी कुठे लपवणार? काकांनी गेटात गाठलं, मान डावीकडे वळवायला लावली, उजवीकडे वळवायला लावली आणि जाहीर केलं की उद्यापासून ओपन स्पेसमध्ये यायचं. तिथे आधीच सलीमभाई होते. कोपऱ्यावर त्यांचं गाद्यांचं दुकान आहे. शुगर निघाली म्हणून काकांच्या तावडीत सापडलेले. कापूस हा दोघांच्या जिव्हाळ्याचा विषय, त्यामुळे त्यांना पळताही येत नव्हतं.

मग सुरू झाला व्यायाम. तोंडं काकांच्या खिडकीकडे. वाकायचं, पण गुडघे वाकवून. हात वर घेताना श्वास सोडायचा, खाली आणताना घ्यायचा. मान अशी झटका देऊन फिरवायची की डोळ्यांपुढे काजवे. आणि आकडे काका मोजणार, साऱ्या लेआउटला ऐकू जाईल असे: "एक! दोन! चार! पाच!"

"काका, तीन रह गया," सलीमभाई म्हणायचे.

"राहू दे. हात वर!"

मान बरी व्हायची सोडून पार आखडली. शेवटी सुट्टी टाकून मी एका फिजिओथेरपिस्टकडे गेले. तरुण मुलगी होती. म्हणाली, "काय करता ते करून दाखवा." मी दाखवलं. तिने तोंडावर हात ठेवला. "ताई, हे कोणी शिकवलं? सगळं बरोबर उलटं आहे. इतकं नेमकं उलटं करायचं म्हणजे सरळ काय ते पक्कं माहीत लागतं हो."

ती सहज बोलून गेली. मी मात्र रात्रभर धुमसत होते, आणि सकाळी ओपन स्पेसमध्ये जाऊन मी तोंड सोडलं. "काका, बस झालं! वाकताना गुडघे ताठ असतात! श्वास वर जाताना घ्यायचा! हे बघा, असं! आणि दोननंतर तीन येतात, चार नाही!"

काकांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला ओढत बदामाच्या झाडामागे नेलं.

"आवाज कमी कर व माय," ते कुजबुजले. "तुले कोनं सांगतलं सुधरवाले? तू नोको सांगू. जिनं सांगाले पाह्यजे तिले सांगू दे."

सलीमभाई हात वर करून तसेच उभे.

"मले का सरळ करता येत नाही?" काका म्हणाले. "लग्न झाल्याबरोबर पैलं काम तिनं हेच केलं, मले सरळ उभं कराचं. माह्या पाठीत बोट खुपसे. कवायत बी तिनंच शिकवली, आंगणात, माय-बापाच्या समोर. लाज वाटे मले. आता पाह्य, चपला दिवाणावर ठेवल्या, काई नाही म्हणत. चहा फुर्रर्र करून पेलो, काई नाही. ओला टॉवेल गादीवर टाकला. उचलून घेतला अन् घडी करून ठेवला तिनं, बसल्या बसल्या. बोलली नाही." त्यांनी बंडीच्या टोकाने नाक पुसलं. "घरात मले टोकनारं कोनी नाही राह्यलं, बाई. चाल म्हटलं तं भिंतीकडे तोंड करते. मंग म्या म्हटलं, तिच्या खिडकीसमोर रोज एवढी चूक करू, एवढी चूक करू, का तिले बसवलंच जानार नाही. चूक व्यायाम तिले कधी पाहवला नाही. कधीच नाही."

मला असा संताप आला की काय सांगू! हे सगळं आधी सांगायला काय झालं होतं? माझी मान काय रस्त्यावर पडली होती?

"सांगतलं असतं तं तू नाटक केलं असतं. पोट दुखते म्हणनाऱ्या साऱ्या पोरी पकडल्या तिनं. नाटक तिले तवाच समजते." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "आता मालूम झालं तं झालं. नीट चूक करजो."

झालं. सलीमभाईंच्याही कानावर घातलं. दुसऱ्या दिवसापासून मी आणि सलीमभाई जीव तोडून चुकायला लागलो. सलीमभाईंना तर रंगच चढला. डावा म्हटलं की उजवा, बस म्हटलं की उडी. फिरायला जाणारे थांबून बघायचे, मोबाईल काढायचे. माझ्या बँकेतल्या एकाने ते पाहिलं आणि काउंटरवर येऊन विचारलं, "ताई, बरं आहे ना घरी?" मी सांगितलं, मान दुखते. दुखतच होती. पण मी सोडलं नाही. आखडणाऱ्या गुडघ्याला काही आमच्यासाठी थांबायचं नव्हतं, आणि खिडकीतली ती पाठ जागची हलत नव्हती. कधी वाटायचं, काकांना सांगावं की पुरे झालं आता. त्यांचं तोंड पाहिलं की सांगवत नसे.

असेच आठवडे गेले. मग एका सकाळी खिडकीत पाठ नव्हती, चेहरा होता. काकांनी पाहिलं. मला कोपर मारलं आणि घसा फुटेस्तोवर सुरू केलं, "एक! दोन! चार!"

"तीन कुठे गेला?"

आवाज बारीक झाला होता, पण तोच होता. सलीमभाई उडीतून खाली येता येता बाकावर बसले. मी खिडकीकडे हात करणार, तर काकांनी मला दटावलं. आणि त्यांनी काय केलं? कानामागे तळवा धरला आणि ओरडून म्हणाले, "काय? आयकू नाही आलं!"

"तीन! तीन कुठे गेला म्हणते! आणि गुडघे वाकताहेत तुमचे!"

"काई समजून नाही राह्यलं! एक! दोन! चार!" आणि गुडघे असे वाकवले की माणूस खुर्चीत बसतोय.

खिडकी रिकामी झाली. आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला, मग फरशीवर वॉकर टेकवत टेकवत येण्याचा. मी पुढे धावणार होते. काका दातांखालून म्हणाले, "हालू नोको." दार उघडायला मॅडमना फार वेळ लागला. मी मनात देवाचं नाव घेत होते.

मॅडम ओट्यावर आल्या. अंगात गाऊन, केस मोकळे, एक टॉवेल वॉकरच्या दांडीला अजून लटकलेला. श्वास लागला होता. समोर रस्त्यावर चार माणसं उभी होती, पण त्यांच्याकडे त्यांनी पाहिलंच नाही.

"लाज नाही वाटत?" त्या कडाडल्या. "साऱ्या लोकांचे सांधे मोडताय? सूर्य कुठे, तोंड कुठे! सलीमभाई, उठा, बाकावर बसायला आलात का? आणि तू गं बँकेतली, पोक काढू नकोस! मी म्हणते, सगळे साऽवधान!"

आम्ही तिघंही ताठ झालो. माझी मान ठणकत होती आणि मला रडूही येत होतं, पण मी समोर बघत राहिले. मॅडमनी वॉकर एक पाऊल पुढे टेकवला, मग आणखी एक, ओट्याच्या कडेपर्यंत आल्या आणि एकेकाचे पाय जुळलेत का ते बघू लागल्या.

गावंडेकाका छाती काढून, नजर समोर ठेवून उभे होते. डोळ्यांतलं पाणी गालावरून घळघळ खाली बंडीवर गळत होतं. ते पुसायला त्यांनी हात उचलला नाही. मॅडमनी अजून विश्राम म्हटलं नव्हतं.