जात न विचारणारी सोसायटी

माणसाला त्याची जात विचारणे हा असभ्यपणा आहे, यावर आता सर्व जातींचे एकमत झाले आहे. सावेडीतल्या आमच्या 'बंधुभाव' सोसायटीने तर हा नियम फलकावर रंगवून घेतला आहे. (दसऱ्याला त्या फलकाला हारही घालतो.) गेल्या अकरा वर्षांत आम्ही एकाही भाडेकरूला जात विचारलेली नाही. तरीही बत्तीसच्या बत्तीस बिऱ्हाडांची जात आम्हाला तोंडपाठ आहे. याला संस्कार म्हणतात.

सारे श्रेय आमचे सचिव यज्ञेश्वरराव यांनी तयार केलेल्या अर्जाचे. त्यात आडनाव, मूळ गाव, कुलदैवत, सोयरीक कुठे कुठे, आणि मटण खात असल्यास घरी की बाहेर, एवढीच साधी चौकशी असते. जातीचा रकाना मुद्दाम ठेवलेला नाही. शंभरातले सत्त्याण्णव आडनावालाच उलगडतात. उरलेले तिघे कुलदैवतापर्यंत कसेबसे टिकतात.

या जूनमध्ये मात्र 'मोनिका बनुबाई छगन' या नावाने अर्ज आला. आईचे नाव, वडिलांचे नाव, पुढे काहीच नाही. बाकीचे रकानेही कोरे! मोनिका जवळच्या शाळेत गणिताची नवी शिक्षिका. सोमवारी शाळा सुरू होणार होती, आणि पुणतांब्याहून सोबत आणलेल्या आईचे गुडघे जिना चढू देत नव्हते. तळमजल्यावरची जागा आमच्याकडेच रिकामी होती. घरमालकीण प्रेमलाताई तर किल्ली हातात घेऊनच बसल्या होत्या. फक्त समितीचे 'हरकत नाही' हवे होते, म्हणून मायलेकींना समितीपुढे बोलावले.

"आडनाव राहिलं वाटतं," यज्ञेश्वरराव गोड हसले.

"राहिलं नाही सर, लावतच नाही," मोनिका म्हणाली.

समितीला घाम फुटला. चहा आला होता, पण पाहुण्यांसाठी चिनी मातीचे कप काढायचे की कागदी, हे ठरेना. (कागदी कप केवळ स्वच्छतेसाठी आहेत.) अखेर तो किटलीतच निवला. यज्ञेश्वरराव आईकडे वळले.

"मावशी, गावात घर कुठल्या बाजूला?"

"गोदावरीच्या बाजूला," बनुबाई म्हणाल्या.

"म्हणजे गावात, की जरा बाहेर?"

"पूर आला की समदंच पान्यात असतंय, भाऊ."

"बरं, भिंतीवर फोटो कोणाचा लावणार?"

"आमच्या मालकाचा. लई बेस आलाय."

"श्रावण पाळता का?"

"सध्या गुडघं सांभाळते. जागा देनार का न्हाई, तेवढं सांगा."

मला त्या बाईंचा भयंकर राग आला. आम्ही सरळमार्गी माणसे! आम्हाला असे छळायचे? शेवटी समितीने एकमताने ठराव केला: 'भेदभाव करण्याइतकी माहिती उपलब्ध न झाल्याने अर्ज निःपक्षपातीपणे नामंजूर.' प्रेमलाताईंनी किल्ली पर्समध्ये टाकली.

मोनिका आता दोन गल्ल्या सोडून तिसऱ्या मजल्यावर राहते. तिथे लिफ्ट नाही. बनुबाई एकदा वर चढल्या, त्या अजून खाली उतरलेल्या नाहीत.

वाचकहो, तुम्ही आमच्यासारखे नाही, हे मी जाणतो. पण मी तुम्हाला मोनिकाचा विषय सांगितला, आईचे गुडघे सांगितले, सोमवारची शाळा सांगितली. आणि तुम्ही इथवर नेमके काय शोधत आलात? सापडली असेल तर कळवा. समितीत एक जागा भरायची आहे, आणि तिच्यासाठी अर्ज लागत नाही.