अकोल्याचे देशमुख

निरोप समारंभाच्या प्रमुख पाहुण्यांना बडनेरा स्टेशनवरून आणायचं काम रागिणीनं स्वतः मागून घेतलं होतं. तसं पाहिलं तर तिच्या डोक्यावर आधीच कामांचा ढीग होता. सूत्रसंचालन तिच्याकडे, फुग्यांची कमान तिच्याकडे, आणि आयुष्यात पहिल्यांदा नेसलेली आईची जांभळी साडी सांभाळायची, ते वेगळंच. पण पाहुणे होते अकोल्याच्या कृषी विद्यापीठातले डॉक्टर देशमुख. तुरीवर संशोधन करणारे. आणि रागिणीला बारावीनंतर शेतीचंच शिकायचं होतं.

घरी मात्र वडिलांनी, म्हणजे जानरावांनी, पोरीला डॉक्टर करायचं ठरवून टाकलं होतं. शेतीत शिकण्यासारखं काय आहे, ते तर आपल्याला जन्मापासून येतं, असं त्यांचं म्हणणं. समारंभाला पालकांनाही बोलावलं होतं. तेव्हा आज स्टेजवरून, साक्षात शेतीच्या प्राध्यापकांसमोर, आपला बेत जाहीर करून टाकायचा, म्हणजे बाबांना चारचौघांत काही बोलता येणार नाही, असा रागिणीचा हिशेब होता. रात्रभर तिला धड झोप लागली नव्हती.

सोबतीला संघपाल होता. तो वर्गातला सगळ्यात निवांत मुलगा. त्याच्या काकांची व्हॅन आणि काका, दोन्ही त्यानं आणले होते. पाहुण्यांना ओळखायचं कसं, हा प्रश्न स्टेशनवर पोचल्यावर निघाला. प्राचार्य मोहोड सरांनीही त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं, सगळं ठरलं ते फोनवर. व्हॉट्सॲपवर त्यांचा फोटो म्हणून तुरीच्या शेंगेचा फोटो होता.

"शेंगीवरून मानूस कसा ओयखावा?" संघपाल म्हणाला.

गाडी आली. गर्दी उतरली आणि पांगली. एक जाडजूड गृहस्थ, कडक इस्त्रीचा सफारी घालून, कुणीतरी आपल्याला न्यायला येणार अशा खात्रीनं फलाटावर उभे राहिले. रागिणी निऱ्या सावरत धावली. अकोल्याहून आलात का, विचारलं. हो म्हणाले. देशमुख साहेब ना, विचारलं. तर तेही हो म्हणाले. तिनं पुष्पगुच्छ दिला, संघपालनं वाकून नमस्कार केला, आणि व्हॅन अमरावतीच्या रस्त्याला लागली.

आता, वऱ्हाडात देशमुख म्हणजे काही एखाददुसरा नव्हे. अकोल्याहून येणाऱ्या गाडीतून एकच देशमुख उतरेल, असं समजणं हीच मुळात चूक होती. हे होते सूर्यभान देशमुख, अकोल्याचे तूरडाळीचे व्यापारी. ते अमरावतीला मुलासाठी मुलगी पाहायला आले होते. मुलीचा भाऊ घ्यायला येईल, असा निरोप होता. भावाच्या जागी दोन शाळकरी पोरं पुष्पगुच्छ घेऊन आली, तेव्हा मुलीकडची माणसं हौशी दिसतात, एवढंच त्यांच्या मनात आलं.

व्हॅन कॉलेजच्या फाटकात शिरली तेव्हा ते जरा चमकले. पण मुलीचे वडील निवृत्त हेडमास्तर आहेत, हे त्यांना माहीत होतं. मास्तर माणूस, व्याह्यांचा सत्कार शाळेत ठेवला असेल. लेझीम खेळत पोरांनी त्यांना स्टेजवर नेलं. मोहोड सरांनी शाल घातली, नारळ दिला. सूर्यभानजींनी अशी सोयरीक उभ्या जन्मात पाहिली नव्हती. ते भारावून गेले.

रागिणीनं माइक हातात घेतला आणि परिचय करून दिला. ज्यांचं सगळं आयुष्य तुरीत गेलं, ज्यांच्यामुळे विदर्भाची तूर देशभर पोचली, वगैरे. सूर्यभानजींनी मान डोलावली. मुलीकडच्यांनी चौकशी अगदी बारकाईनं केली होती, आणि एका अक्षराचीही त्यात चूक नव्हती.

मग पोरांची पाळी आली. प्रत्येकानं एकेक गोष्ट सांगायची होती. कशानं डोकं तापतं, आणि पुढे काय व्हायचंय. शिवम म्हणाला की, लग्नात भेटणारा प्रत्येक माणूस 'किती टक्के पडतीन' हे विचारतो, जेवलास का हे कुणीच विचारत नाही. त्याला पोलिसात जायचं होतं, आणि पहाटे धावताना मागे लागणारी कुत्री हीच आपली खरी भरती, असंही त्यानं सांगितलं. एकाला दह्यात भिजवलेल्या गिलावड्याची गाडी टाकायची होती, त्याला शिट्ट्या सगळ्यांत जास्त पडल्या. संघपालला वकील व्हायचं होतं. 'तू काहीच कसा बोलत नाहीस' असं विचारणाऱ्यांचा त्याला राग यायचा, आणि एवढं बोलून तो खाली बसला.

नंतर दीपमाला उठली. तिला रेल्वेचं इंजिन चालवायचं होतं. "माह्या डोक्यात कोन जाते सांगू? घरी येतेत, चहा पेतेत, अन् विचारतेत, पोरीले सैपाक येते का. बापा, मी गाडी हाकाची म्हंतो, अन् तुमाले पोयी गोल पाह्यजे."

सभागृह हसून कोसळलं. सूर्यभानजीही खदखदून हसले. पोरांचा उत्साह त्यांना चढत गेला होता. भाषणाला बोलावलं तेव्हा ते जवळजवळ धावतच माइकपाशी गेले.

"हे पोट्टी म्हंते ते खरं हाये," त्यांनी सुरुवात केली. "पोरीले शिकू द्या. आमच्या घरी जे सून येईन, तिले पाह्यजे तेवढं शिकू दे. नोकरी करू दे. मी आडवा येनार नाई. हे मी सगळ्याइच्या समोर सांगून राहिलो."

टाळ्या थांबेनात. शंभरेक मोबाइल वर उंचावले होते. शेतीच्या प्राध्यापकानं एकदम सुनेचा विषय का काढला, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. सूर्यभानजींनी टाळ्या ओसरू दिल्या, सभागृहावरून नजर फिरवली. निळ्या, हिरव्या, जांभळ्या साड्या नेसलेल्या, नटलेल्या सगळ्या पोरी त्यांच्याकडेच पाहत होत्या.

"सत्कार झाला, भाषन झालं," ते मोकळेपणानं म्हणाले. "आता मुलगी दाखवा. इथं त सगळ्याच साड्या नेसून बसल्या. यातली आमची कोनती?"

पालकांच्या रांगेत जानराव उठून उभे राहिले. रागिणीच्या हातून माइक निसटला आणि त्याची किंकाळी सगळ्या आवारात घुमली. संघपालनं तिच्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "मंग आपले कुठं हायेत?"

हाच प्रश्न मोहोड सरांनी फोन लावून विचारला. पलीकडून डॉक्टर देशमुख प्रसन्न आवाजात म्हणाले, "सर, तुम्ही आत गेलात तेव्हापासून मी तुमच्याच घरी बसलो आहे. पोहे छान झालेत. कार्यक्रमाला कधी निघायचं?"

झालं होतं ते असं. मुलीचा भाऊ अमोल स्टेशनवर उशिरा पोचला. फलाटावर एकच देशमुख शिल्लक होते. ते डॉक्टरसाहेब. त्यांना तो घरी घेऊन गेला. घरी मास्तरांनी स्वागत केलं, ते प्राचार्य असतील, असं डॉक्टरसाहेबांना वाटलं. मुलगी पोहे घेऊन आली, ती विद्यार्थिनी असेल.

थोड्या वेळानं अमोल त्यांना घेऊन कॉलेजात आला. मागोमाग मुलीचे वडीलही आले, हातात पेढ्यांचा डबा. रागिणी प्राचार्यांच्या खोलीच्या दारात उभी होती. आत जायची हिंमत तिला होईना. ज्या माणसाकडून शिकायचं, त्यालाच आपण स्टेशनवर सोडून आलो. शेतीचं शिक्षण आता आपल्याला घरीच, बाबांकडून घ्यावं लागणार, हे तिला स्पष्ट दिसत होतं.

आत मास्तर सूर्यभानजींचे हात धरून सांगत होते की, तुम्ही पुढे पाठवलेल्या या माणसासारखा माणूस पाहिला नाही. तुमची काही मागणी, असं यांना विचारलं, तर म्हणाले, मी कुठंच काही घेत नाही, गाडीभाडंसुद्धा नको.

सूर्यभानजींचा चेहरा उतरला. मागणीची सगळी बोलणी त्यांनी गाडीत मनातल्या मनात घोकून ठेवली होती. त्यांनी डॉक्टरसाहेबांकडे पाहिलं. "तुमी असं म्हनले?"

"मानधनाचं विचारतात असं वाटलं मला," डॉक्टरसाहेब ओशाळून म्हणाले. "आणि मुलीला एम. फार्म. करायचंय म्हणाली, तर मी म्हटलं, अशी हुशार मुलगी हातची जाऊ देऊ नका."

तेवढ्यात बाहेर पोरांच्या मोबाइलवर सूर्यभानजींचंच भाषण पुन्हा लागलं. मी आडवा येनार नाई. त्यावर पुन्हा टाळ्या पडल्या. सूर्यभानजींनी ते पूर्ण ऐकलं, एक लांब श्वास सोडला आणि पेढा उचलला.

डॉक्टरसाहेबांचं भाषण मग झालंच. त्याआधी रागिणीनं माइकवर येऊन आपल्याला बीएस्सी ॲग्री करायचंय, हे सांगून टाकलं. डॉक्टरसाहेब म्हणाले की, प्रवेश परीक्षेवर मिळतो, ओळखीवर नाही, आणि ओळखीच्या बाबतीत या मुलीनं प्रयत्न करूही नये. सगळे हसले. जानरावही हसले, मग पोरगी आपल्याकडे पाहतेय हे दिसल्यावर थांबले. "घरी बोलू," असं त्यांनी हातानंच खुणावलं. ते नाही म्हणाले नव्हते, हेच रागिणीला पुष्कळ होतं.

संध्याकाळी दोन्ही देशमुखांना बडनेऱ्याला सोडायचं काम पुन्हा तिच्याकडेच आलं. या वेळी मोहोड सर स्वतः व्हॅनमध्ये बसले. गाडीची वाट पाहत सगळे फलाटावर उभे होते, तेव्हा सूर्यभानजींना घरून फोन आला.

"हो, पक्कं झालं," ते बायकोला सांगत होते. "नाई, मांगनी काईच नाई. पुढं शिकनार हाये. हो, मीच म्हनलो."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. सूर्यभानजींनी एकदा रागिणीकडे पाहिलं, एकदा संघपालकडे, आणि मग फोन डॉक्टरसाहेबांपुढे धरला.

"सर, आता तुमीच सांगा," ते म्हणाले. "मंडळी विचारून राहिली, पोरगी दिसाले कशी हाये."